पोकेमॉन कार्डं जमवायची आहेत? आधी हातातलं कार्ड ओळखा

दर सुट्टीत मला कुणाचा ना कुणाचा फोटो येतो. सोनेरी, चकचकीत कार्ड, त्यावर चारिझार्ड हा पोकेमॉन, खाली बारीक अक्षरात १९९५ आणि सोबत प्रश्न: "दादा, हे खूप जुनं आहे ना? किती लाखाला जाईल?" खरं सांगताना जीव कासावीस होतो, कारण त्या मुलानं ते कार्ड दप्तरात, कंपासपेटीत जिवापाड जपलेलं असतं. बहुतेक वेळा ते शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या पाकिटातलं, नकली कार्ड असतं.

माझीही सुरुवात तिथूनच झाली. पुढे नोकरीला लागल्यावर ऑनलाइन एक 'सील्ड', म्हणजे कंपनीचं सील न फोडलेला, बॉक्स घेतला, तोही नकली निघाला. विक्रेता गायब, पैसे गेले. तेव्हा शिकवणारं कुणी असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं. म्हणून जे शिकायला मला काही वर्षं लागली, ते क्रमानं लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: किंमत चित्रातल्या पोकेमॉनची नसते. अमुक सेटमधलं (सेट म्हणजे एकत्र निघालेल्या कार्डांचा संच), अमुक क्रमांकाचं, अमुक छपाईचं आणि अमुक अवस्थेतलं कार्ड, त्याची किंमत असते. हे चार तपशील नक्की झाल्याशिवाय आकड्याच्या मागे लागू नका.

जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी किंवा सोनार वापरतात तसलं)
- मोबाइलचा टॉर्च आणि एक छोटी मोजपट्टी
- खात्रीनं खरं असलेलं एक साधं कार्ड, तुलनेसाठी
- मऊ पातळ प्लॅस्टिकचे स्लीव्ह, कडक प्लॅस्टिकचे टॉपलोडर, बाजूनं कार्ड घालायचे कप्पे असलेला चेनचा बाइंडर
- सिलिका जेलच्या पुड्या आणि हवेतला दमटपणा मोजणारं छोटं यंत्र
- एक वही किंवा एक्सेलची शीट: कार्ड, क्रमांक, कुठून घेतलं, कितीला, कधी
- खरेदीची बिलं. महाग कार्डाचं बिल आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट कधीही टाकून देऊ नका. विकताना आणि कुरियरच्या दाव्याच्या वेळी तेच कामाला येतात.

## १. काय जमवायचं ते ठरवा

पोकेमॉन मुळात व्हिडिओ गेम. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉयवर 'रेड' आणि 'ग्रीन' आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे कार्डं निघाली. इंग्रजी कार्डं विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीनं जानेवारी १९९९ मध्ये आणली. तेव्हापासून आजवर इतकी कार्डं छापली गेली आहेत की 'सगळी जमवतो' म्हणणारा माणूस वर्षभरात दमतो आणि सोडून देतो.

त्यापेक्षा एक धागा पकडा. कुणी एकाच पोकेमॉनची कार्डं जमवतं. कुणी एकच सेट पूर्ण करतं. पहिल्या १५१ पोकेमॉनवर प्रेम असेल तर २०२३ मध्ये आलेला 'स्कार्लेट अँड व्हायोलेट १५१' हा सेट सुरुवातीला उत्तम. मला स्वतःला चित्रकारांचा धागा आवडतो. प्रत्येक कार्डावर चित्रकाराचं नाव छापलेलं असतं, पण नवखे तिकडे बघतही नाहीत. बेस सेट, म्हणजे पहिल्या सेटमधला चारिझार्ड आणि गोल गुबगुबीत पिकाचू दोन्ही मित्सुहिरो आरिता यांचे. युका मोरीई मातीच्या बाहुल्या घडवून त्यांचे फोटो कार्डावर आणतात. त्यांची साधी कार्डं अगदी स्वस्तात मिळतात आणि ती बाइंडरमध्ये एका पानावर लावली की नजर हटत नाही.

पॅक (आत कोणती कार्डं आहेत ते न कळणारी बंद पाकिटं) फोडायचे की सुटी कार्डं घ्यायची? ठरावीक कार्ड हवं असेल तर सुटंच घ्या. पॅक फोडण्याची मजा मोठी आहे, मीही फोडतो, पण पॅकमधून हवं ते निघेल या आशेवर महिन्याचं बजेट बसवू नका.

## २. कार्ड वाचायला शिका

कार्ड सरळ धरा आणि खालच्या कडेकडे बघा. सगळी कुंडली तिथे असते.

क्रमांक. ४/१०२ याचा अर्थ १०२ कार्डांच्या सेटमधलं चौथं. हा १९९९ च्या बेस सेटमधला प्रसिद्ध चारिझार्ड. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर घाबरू नका, ती चूक नसते. ते सेटच्या घोषित संख्येपलीकडचं 'सीक्रेट' कार्ड असतं. '१५१' सेटमधल्या चारिझार्डचं सगळ्यात मागणी असलेलं रूप १९९/१६५ आहे. २०२१ च्या 'इव्हॉल्व्हिंग स्काइज' मधला चंद्राकडे झेपावणारा अम्ब्रियन २१५/२०३ आहे.

दुर्मिळतेची खूण. वर्तुळ म्हणजे कॉमन, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार म्हणजे अनकॉमन, तारा म्हणजे रेअर. २०२३ पासूनच्या इंग्रजी कार्डांत ताऱ्यांचे प्रकार वाढले: दोन काळे तारे म्हणजे डबल रेअर, एक सोनेरी म्हणजे इलस्ट्रेशन रेअर, दोन सोनेरी म्हणजे स्पेशल इलस्ट्रेशन रेअर. तीन सोनेरी तारे म्हणजे हायपर रेअर. इथे एक गोष्ट नव्या माणसाला पटत नाही: तारे जास्त म्हणून किंमत जास्त असं नाही. तीन ताऱ्यांच्या सोनेरी कार्डापेक्षा दोन ताऱ्यांचं सुंदर चित्र अनेकदा कितीतरी महाग विकलं जातं, कारण लोकांना चित्र हवं असतं.

सेटचं चिन्ह. प्रत्येक सेटचं छोटं चिन्ह किंवा इंग्रजी अक्षरांचा संक्षेप असतो. अपवाद पहिल्या बेस सेटचा, त्याला चिन्हच नाही. २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त 'सेलिब्रेशन्स' सेटात तोच जुना चारिझार्ड, त्याच ४/१०२ क्रमांकासह पुन्हा छापला गेला. त्यावर पंचविसाव्या वर्षाचं चिन्ह आहे. कार्ड खरं असतं, पण १९९९ चं नसतं, आणि विकणारा कधीकधी ते सांगत नाही.

छपाई. बेस सेटचे तीन मुख्य प्रकार ओळखता आले पाहिजेत. चित्राच्या डाव्या कोपऱ्याखाली 'फर्स्ट एडिशन'चा काळा शिक्का असेल तर पहिली छपाई. शिक्का नाही, आणि चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नाही, तर 'शॅडोलेस'. सावली असेल तर 'अनलिमिटेड', म्हणजे सगळ्यात जास्त छापलेलं. फरक किती पडतो? पहिल्या छपाईचा, निर्दोष ठरलेला चारिझार्ड मार्च २०२२ मध्ये एका लिलावात ४,२०,००० डॉलरला गेला. अनलिमिटेडमधला वापरलेला चारिझार्ड त्याच्या अगदी छोट्या अंशात मिळतो.

इथला सापळा माचँप या पोकेमॉनचा आहे. बेस सेटमधला माचँप ८/१०२ दोन खेळाडूंच्या सुरुवातीच्या डब्यात यायचा आणि त्यावर सरसकट 'फर्स्ट एडिशन'चा शिक्का असायचा. त्यामुळे शिक्का असूनही तो भरपूर उपलब्ध आहे. 'फर्स्ट एडिशन होलो (चमकत्या चित्राचं कार्ड), शेवटची किंमत' असं म्हणत कुणी गळ्यात मारायला आलं तर आधी हे आठवा.

साल. आता त्या १९९५ बद्दल. विझार्ड्सच्या काळातल्या कार्डांवर खाली हक्कांची सालं ओळीनं छापलेली असतात आणि त्यांची सुरुवात १९९५ पासून होते. ते गेमच्या हक्कांचं साल आहे, कार्ड छापल्याचं नव्हे. पहिलं कार्डच १९९६ मध्ये निघालं, त्यामुळे १९९५ चं पोकेमॉन कार्ड जगात अस्तित्वात नाही. ओळीतलं शेवटचं साल बघा, ते छपाईच्या काळाच्या सगळ्यात जवळचं असतं.

जपानी कार्डांची पाठ वेगळी असते, त्यांच्या खुणाही वेगळ्या. पाठ वेगळी दिसली म्हणून जपानी कार्ड नकली ठरवू नका.

## ३. खरं की नकली

आपल्याकडे हीच पायरी सगळ्यात जास्त पैसे वाचवते. जत्रेत, स्टेशनबाहेर, स्टेशनरीत मिळणारी दहा रुपयांची पाकिटं आणि पन्नास-पंचावन्न सोनेरी कार्डांचे डबे नकलीच असतात. धातूची खरी कार्डं आहेत, पण ती मोजकी आणि ठरावीक महाग संचांतच आली, उदाहरणार्थ 'सेलिब्रेशन्स'च्या सगळ्यात मोठ्या डब्यातले पिकाचू आणि चारिझार्ड. डब्यातलं प्रत्येक कार्ड सोनेरी असेल तर आणखी तपासायची गरजच नाही.

बाकीच्यांसाठी या क्रमानं जा:

1. माप. खरं कार्ड ६३ × ८८ मिलिमीटर. खऱ्या कार्डावर ठेवून कडा जुळवा.
2. पाठ. निळा रंग जांभळट, फिकट किंवा धूसर वाटतो का ते खऱ्या पाठीशेजारी ठेवून बघा. फोटोवरून हे ठरवू नका, मोबाइलचा कॅमेरा रंग बदलतो.
3. अक्षरं. पोकेमॉनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ई'वर तिरकी रेघ असते. नकली कार्डांत ती बऱ्याचदा गायब असते. हल्ल्यांच्या वर्णनात स्पेलिंगच्या चुका आणि अशक्य आकडेही सापडतात.
4. कडेचा काळा थर. खऱ्या कार्डाच्या दोन कागदांमध्ये गडद थर असतो. कड भिंगाखाली धरली की बारीक काळी रेघ दिसते. मागे टॉर्च धरला तर खऱ्यातून उजेड कमी येतो, नकलीतून बऱ्याचदा भसकन येतो. खऱ्या साध्या कार्डाशी तुलना करूनच निष्कर्ष काढा.
5. स्पर्श. आजच्या महाग, पूर्ण चित्राच्या कार्डांवर बोटाला जाणवणाऱ्या बारीक रेषा असतात. नकली कार्ड गुळगुळीत असतं, किंवा त्यावर सगळीकडे एकसारखी जाळी असते.
6. भिंग. खऱ्या छपाईत चित्र नीट मांडलेल्या रंगीत ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं सलग आणि धारदार असतात. अक्षरंही ठिपक्यांची बनलेली दिसली तर कार्ड खाली ठेवा.

आणखी एक सोपी खूण: इंग्रजी कार्डांची पिवळी किनार २०२३ मध्ये करडी झाली. त्यानंतरच्या सेटचं साधं कार्ड पिवळ्या किनारीचं दिसलं तर संशय घ्या.

कार्ड वाकवून किंवा फाडून बघायचा सल्ला कुणी देतं. तसं अजिबात करू नका. खरं निघालं तर तुम्हीच त्याची किंमत मारलेली असते.

सील्ड पॅकच्या बाबतीत वरच्या-खालच्या चिकटवलेल्या कडा बघा. गोंदाचे डाग, वाकडी शिवण किंवा सैल वेष्टण म्हणजे पॅक उघडून पुन्हा बंद केलेला असू शकतो. जुन्या पॅकचं वजन करून जड, म्हणजे होलो कार्ड असलेले बाजूला काढतात आणि हलके विकतात, हा प्रकारही जुना आहे. रीतसर आयात झालेल्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेलं लेबल असतं. ते नसेल तर दुकानदार काकांना माल कुठून येतो ते सरळ विचारा. खरा माल विकणारा माणूस या प्रश्नानं चिडत नाही.

## ४. अवस्था ठरवा

दुपारच्या उजेडात, खिडकीशी बसा. कार्ड तिरकं करत चार गोष्टी बघा: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र किनारीच्या मधोमध आहे की नाही. पाठीच्या निळ्या कडेवरचे पांढरे ठिपके सगळ्यात आधी दिसतात. होलोवरच्या बारीक ओरखड्यांसाठी टॉर्च तिरका मारा.

बाजारात अवस्थेच्या पाच पायऱ्या मानतात, उत्तमापासून खराबापर्यंत: निअर मिंट, लाइटली प्लेड, मॉडरेटली प्लेड, हेव्हिली प्लेड आणि डॅमेज्ड. आपल्या कार्डाला आपण नेहमी एक पायरी वरची देतो. मायेनं तसं होतं. म्हणून मी माझ्या कार्डांची अवस्था मित्राकडून ठरवून घेतो आणि त्याची मी ठरवतो. घडी पडलेलं कार्ड, घडी कितीही बारीक असो, निअर मिंट नसतं.

## ५. किंमत काढा

आता आकडा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुणी जाहिरातीत दोन लाख लिहिलं म्हणून कार्ड दोन लाखांचं होत नाही.

ईबे या खरेदी-विक्रीच्या परदेशी साइटवर कार्डाचं नाव आणि क्रमांक टाकून फक्त 'विकले गेलेले' व्यवहार दाखवणारा फिल्टर लावा. अमेरिकेतल्या दरासाठी टीसीजीप्लेअर या साइटवरचा 'मार्केट प्राइस' बघा, तो झालेल्या विक्रीवर आधारलेला असतो. युरोपसाठी कार्डमार्केट. ग्रेड केलेल्या (तज्ज्ञ कंपनीनं तपासून गुण दिलेल्या, त्याबद्दल सहाव्या पायरीत) कार्डांसाठी प्राइसचार्टिंग सोयीचं आहे. भाषा, छपाई आणि अवस्था तिन्ही जुळतात ना ते प्रत्येक नोंदीत तपासा.

समजा तुमच्या कार्डाचे गेल्या महिन्यातले पाच व्यवहार १८, २०, २१, २२ आणि ५५ डॉलरचे आहेत. सरासरी काढलीत तर २७ येते आणि ती फसवी आहे. ५५ चा व्यवहार उघडून बघा, बहुतेक तो ग्रेड केलेल्या कार्डाचा किंवा दोन कार्डांचा असेल. तो वगळा, २० ते २१ धरा. ईबेवर किंमतीवर काट मारलेली दिसली तर विक्रेत्यानं त्याहून कमी किंमत स्वीकारलेली असते, हेही लक्षात असू द्या.

मग रुपयांत आणा. इथे दोन दिशा आहेत. बाहेरून मागवायचं असेल तर कुरियर, कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून कार्ड तुमच्या दारात कितीला पडतं ते काढा. इथे विकायचं असेल तर नुसता डॉलरचा गुणाकार करून बसू नका. इथे गिऱ्हाईक कमी आहेत, आणि घेणारा पटकन पैसे देणार असेल तर थोडी सूट मागणारच. मी तीन आठवडे इथल्या ग्रुपांवर त्याच कार्डाचे सौदे कितीला होतात ते वहीत टिपतो, मगच आकडा बोलतो.

नवा सेट आला की पहिल्या काही दिवसांत सुट्या कार्डांचे भाव चढलेले असतात. पॅक फुटत जातात, कार्डं बाजारात येतात आणि बहुतेकांचे भाव उतरतात. हवं ते कार्ड पहिल्याच आठवड्यात घ्यायचं नाही, एवढा नियम पाळला तरी बरेच पैसे वाचतात.

## ६. ग्रेडिंगला पाठवायचं का?

ग्रेडिंग म्हणजे तज्ज्ञ कंपनी कार्ड तपासते, १ ते १० मध्ये गुण देते आणि कडक प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये बंद करते. पीएसए, बेकेट आणि सीजीसी ही मोठी नावं, तिन्ही अमेरिकेतली. पीएसए १९९१ पासून आहे.

माझा हिशेब असा: या कार्डाला १० नव्हे, ९ गुण मिळाले तर शुल्क, जाण्या-येण्याचा कुरियर, विमा आणि ड्युटी वजा जाता हातात काही उरतं का? उरत नसेल तर पाठवू नका. १० मिळेलच या भरवशावर पाठवलेली माझी काही कार्डं ९ घेऊन आली, कारण मी चित्राची मांडणी डोळ्यानं बघितली होती, मोजली नव्हती. दोन्ही बाजूंच्या किनारी मोजपट्टीनं मोजा. पीएसएच्या दहासाठी पुढच्या बाजूला समोरासमोरच्या किनारींचं प्रमाण साधारण ५५:४५ च्या आत असावं लागतं, पाठीला थोडी सवलत असते.

पाठवताना टॉपलोडर नको, लवचीक अर्धकडक होल्डर वापरा. इथून बरेच जण कुणा मध्यस्थाच्या मार्फत गटानं पाठवतात. त्यात खर्च वाचतो, पण कार्ड परक्याच्या हातात महिनोन्‌महिने असतं. देण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, लेखी पोच घ्या.

स्लॅब विकत घेत असाल तर त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून बघा. नकली स्लॅबवर खरे क्रमांकही छापलेले असतात, म्हणून साइटवर फोटो असेल तर कार्डावरच्या बारीक खुणाही जुळवून पाहा.

## ७. पावसाळ्यात कार्डं जपा

परदेशी मार्गदर्शनात हे फारसं नसतं आणि कोकणात, मुंबईत राहणाऱ्याला याचीच गरज असते. होलो कार्डाच्या पुढे चंदेरी पापुद्रा असतो, मागे कागद. दमट हवेत कागद फुगतो, पापुद्रा फुगत नाही, आणि कार्ड वाटीसारखं वळतं. जुलैमध्ये बाइंडर उघडल्यावर कार्डं वळलेली दिसली तर इस्त्री, ड्रायर, जड पुस्तकं यांतलं काही करू नका. कार्डं स्लीव्हमध्ये घालून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, बहुतेक सावकाश सरळ होतात. दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघा. सिलिका फार झाली तर कार्ड उलट्या बाजूला वळतं, म्हणून यंत्र लागतं.

बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेल्या कपाटात कार्डं ठेवू नका. कसर कागद खाते, तेव्हा डबा महिन्यातून एकदा उघडून बघा. डांबरगोळ्या त्याच डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लॅस्टिकला खराब करते. रिंगचा बाइंडर टाळा. रिंगांचा दाब आतल्या कार्डांवर कायमचा वळ उठवतो. पीव्हीसीचे स्वस्त कप्पेही नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या.

## ८. देवाणघेवाण करताना

लहान मुलांच्या सौद्यात मोठ्यांनी बसावं. दहा वर्षांच्या मुलाकडून त्याचं महाग कार्ड चार चकचकीत साध्या कार्डांच्या बदल्यात घेणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. समोरच्याला भाव माहीत नसेल तर आधी सांगा, मग सौदा करा.

अनोळखी माणसाकडून घेताना आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी ठेवलेल्या कार्डाचा फोटो मागा. शक्यतो दिवसा, गर्दीच्या ठिकाणी भेटा आणि कार्ड हातात घेऊन, तिसऱ्या पायरीतल्या तपासण्या करूनच यूपीआय करा. घाई करणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

कुरियरनं पाठवायचं असेल तर कार्ड आधी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये. टॉपलोडरचं तोंड सहज निघणाऱ्या कागदी टेपनं बंद करा आणि टेपचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला नख किंवा कात्री लावावी लागत नाही. टॉपलोडर पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये बांधा, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि मगच पाकिटात घाला. पॅक करतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात कार्डाच्या दोन्ही बाजू आणि पार्सलवरचा ट्रॅकिंग नंबर दिसू द्या, आणि पार्सल पोचल्याचा निरोप येईपर्यंत तो मोबाइलमधून काढू नका.